इच्छा सोडायला बसायचं, मग संकल्प कशाला करायचा?

म्हापशाच्या एका साधकाचे तीन प्रश्न आहेत. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालंय, घरी रोज सकाळी बुद्धवंदना आणि पाऊण तास ध्यान चालतं. पहिला प्रश्न: तृष्णा हेच दुःखाचं मूळ असेल, तर बसण्याआधी संकल्प करणं हीसुद्धा तृष्णाच नाही का? दुसरा: तासभर हलायचं नाही असं अधिष्ठान धरलं की विसाव्या मिनिटाला गुडघा ठणकतो, अधिष्ठान मोडतं आणि दिवसभर मन खट्टू राहतं, काय करावं? तिसरा: वडील गेल्या वर्षी वारले, त्यांच्यासाठी मैत्री भावना, म्हणजे भलं चिंतण्याचं ध्यान, करावी का?

पहिला प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे. कोसंबी नगरीतल्या घोसिताराम विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांचे शिष्य आनंद यांना हेच विचारलं होतं. आनंद म्हणाले, आमची साधना छंद, म्हणजे इच्छा, सोडण्यासाठी आहे. उण्णाभाने मार्ग विचारला, तर आनंदांनी सांगितलेल्या चार इद्धिपादांत, म्हणजे सिद्धीच्या चार आधारांत, पहिलाच छंद! उण्णाभ म्हणाला, मग हे कधी संपायचंच नाही, छंदाने छंद कसा सुटेल? आनंदांनी उलट विचारलं, ‘या आरामात यावं अशी इच्छा तुला आधी झाली होती ना? इथे पोचल्यावर ती उरली का?’ उण्णाभ म्हणाला, नाही, शमली. नेण्यापुरती ती होती, पोचल्यावर तिचं काम झालं.

मराठीत आपण सगळ्याला ‘इच्छा’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. खरं तर पालीतले दोन्ही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत. ‘तण्हा’ म्हणजे आपली तहान. ‘छन्द’ म्हणजे आपला छंद, ‘त्याला गाण्याचा छंद लागला’ म्हणतो तो. पाणी प्यायलं तरी तहान परत लागते आणि तिचं सगळं लक्ष पेल्याकडे असतं. छंद लागलेल्याला करण्यातच गोडी असते. स्वतःची परीक्षा घ्यायची तर बैठक संपल्यावर मनात पहिलं काय येतं ते पाहा. ‘आज काय मिळालं?’ असं आलं तर तहान होती. ‘उद्या परत बसू’ असं आलं तर छंद होता. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही मिसळलेले असतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सम्यक् व्यायामाच्या, म्हणजे अष्टांगिक मार्गातल्या योग्य प्रयत्नाच्या, व्याख्येतही ‘छन्दं जनेति’, छंद उत्पन्न करतो, हेच शब्द आधी येतात. छंद मारून टाकला तर उरतो तो आळस. त्याला वैराग्य समजण्याची चूक मात्र सर्रास होते.

तिसरा शब्द ‘पणिधि’. तुम्ही तो रोज म्हणता: महामंगल सुत्तात ‘अत्तसम्मापणिधि च, एतं मङ्गलमुत्तमं’. पणिधि म्हणजे नीट रोखून ठेवणं, दिशा देणं. त्याचा दृष्टान्त संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात आहे आणि भातशेतीच्या गावातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. भाताचं किंवा जवाचं कुसळ नीट रोखलेलं नसेल तर त्यावर हात-पाय पडला तरी टोचत नाही. नीट रोखलेलं असेल तर कातडी फोडून रक्त काढतं. तसंच नीट रोखलेली दृष्टी आणि साधना अविद्या भेदते. पिकलेल्या भाताची लोंबी चिमटीत धरून बोट खालून वर फिरवा, मग वरून खाली ओढा. एका बाजूने ती सुळकन सरकते, दुसऱ्या बाजूने सालं काढते. कुसळ तेच, जोरही तेवढाच, फरक फक्त रोखाचा. संकल्पाचं काम एवढंच आहे. तो जोर वाढवत नाही, रोख ठरवतो.

आता वंदनेकडे या, कारण संकल्प घडवायचा नमुना तिच्यातच आहे. घरातली वंदनेची पुस्तिका उघडा आणि फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारत जा. पंचशीलात ‘समादियामि’: मी अंगीकारतो. पुष्पपूजेत ‘पूजेमि’: मी पूजतो. बऱ्याच पुस्तिकांत ‘संकल्प’ या मथळ्याखाली येणाऱ्या गाथांत ‘इमाय धम्मानुधम्म पटिपत्तिया बुद्धं पूजेमि’, म्हणजे या धम्मानुरूप आचरणाने बुद्धाची पूजा करतो. आणि लगेच ‘अद्धा इमाय पटिपत्तिया जातिजरामरणम्हा परिमुच्चिस्सामि’, म्हणजे या आचरणाने मी खात्रीने मुक्त होईन. त्यानंतर ‘होतु’, ‘वस्सतु’, ‘भवतु’: सज्जनांची संगत लाभो, पाऊस वेळेवर पडो, राजा धार्मिक असो. मी करतो, मी होईन, असं होवो, या तीन जाती. बुद्धाकडे काही मागणारं ‘दे’ या सगळ्यात नाही. बुद्धाला उद्देशून विनवणी येते ती चुकीच्या क्षमेसाठी, ‘बुद्धो खमतु तं ममं’.

गोव्यात लहानपणापासून आपल्या कानांवर गाऱ्हाणं पडलेलं असतं. देवापुढे उभं राहून घातलेलं गाऱ्हाणं, बोललेला नवस, कौलासाठी लावलेला प्रसाद. त्याला त्याची जागा आणि आदर आहेच, पण सवयीने तोच सूर वंदनेत उतरतो. तोंडी ‘पूजेमि’ असतं आणि मनात ‘पोराला नोकरी लागू दे’. आपले उपासक अनाथपिण्डिक यांना बुद्धांनी स्पष्ट सांगितलं होतं की आयुष्य, रूप, सुख, यश आणि स्वर्ग ही पाच इष्ट फळं याचनेने किंवा प्रार्थनेने मिळतात असं मी म्हणत नाही. तशी मिळाली असती तर जगात कोणाला कशाची उणीव राहिली असती? ज्याला आयुष्य हवं त्याने आयुष्याकडे नेणारं आचरण करावं. पोराच्या नोकरीची काळजी मनात असेल तर ती दडपू नका. तिला वंदनेतल्या क्रियापदांत बसवा: ‘तो सुखी होवो. या आठवड्यात मी त्याच्यावर न चिडता त्याच्याशी बोलेन.’ पहिलं वाक्य मैत्री, दुसरं संकल्प.

आणखी एक साचा आहे, माझ्या मते सगळ्यांत बळकट: ‘नत्थि मे सरणं अञ्ञं, बुद्धो मे सरणं वरं, एतेन सच्चवज्जेन होतु मे जयमङ्गलं’, म्हणजे मला दुसरं शरण नाही, बुद्ध हेच माझं श्रेष्ठ शरण, या सत्यवचनाने माझं जयमंगल होवो. आधी एक सत्य उच्चारायचं, मग त्या सत्याच्या आधारावर ‘होतु’ म्हणायचं. ही सच्चकिरिया. हिची अट अशी की पहिलं वाक्य तुमच्या बाबतीत खरं असलं पाहिजे. म्हणून संकल्पाआधी स्वतःबद्दल एक खरी गोष्ट मनात म्हणा. मोठी नको. ‘काल दिवसभरात मी खोटं बोललो नाही’ एवढी पुरे. तेही खरं नसेल तर ‘काल खोटं बोललो आणि ते मला टोचतंय’ हे खरं आहे, ते चालतं. दानासंबंधीच्या सुत्तात हेच सूत्र येतं: ‘इज्झति सीलवतो चेतोपणिधि विसुद्धत्ता’, शीलवानाचा मनःसंकल्प सिद्धीस जातो, कारण तो शुद्ध असतो. तिसरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं) आणि पंचशील आधी आणि संकल्प नंतर हा क्रम त्यासाठीच आहे. घाईच्या सकाळी बाकीच्या गाथा गाळल्या तरी चालतील, शील गाळून संकल्प करू नका.

प्रत्यक्षात एका तासाची विभागणी साधारण अशी जमते. आठ मिनिटं वंदना, तिसरण-पंचशील आणि पूजा. दोन मिनिटं संकल्प. पंचेचाळीस मिनिटं ध्यान. उरलेली पाच मैत्री आणि पुण्यानुमोदनाला, म्हणजे केलेलं पुण्य इतरांना अर्पण करायला. संकल्पाच्या दोन मिनिटांत तीन सावकाश श्वास, एक सत्य, एक वाक्य. वाक्य मराठीत किंवा कोंकणीत, ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि हिशेब करता त्या भाषेत, एकदाच, ओठ हलतील इतक्या आवाजात. मग ते सोडून द्यायचं. ध्यानात तेच वाक्य परत डोकं वर काढू लागलं तर तो इतर विचारांसारखाच एक विचार. ‘आठवलं’ म्हणायचं आणि श्वासावर यायचं. बरेच जण इथे फसतात. पूर्ण पंचेचाळीस मिनिटं संकल्पच घोकत बसतात आणि त्याला एकाग्रता समजतात.

वाक्य कसं असावं? ‘आज मन शांत ठेवीन’ हा संकल्प नव्हे, कारण शांत होणं तुमच्या हातात नाही. ‘पंचेचाळीस मिनिटं संपेपर्यंत मन जितक्या वेळा निसटेल तितक्या वेळा न चिडता परत आणीन’ हा संकल्प, कारण तो पाळला की मोडला हे बैठकीनंतर सांगता येतं. कृती हवी, फळ नको, मुदत हवी. ‘कधीच’, ‘नेहमी’, ‘सगळं’ हे शब्द आले की वाक्य सैल पडलं समजा. संपूर्ण निर्वाणाचा उद्देश मनात असू द्या, वंदनेत तो ‘याव निब्बाणपत्तिया’, निर्वाण मिळेपर्यंत, म्हणून येतोच. पण रोजच्या वाक्यात तो कोंबू नका.

आता गुडघा. गोएंका गुरुजींच्या परंपरेत चौथ्या दिवशी विपश्यना शिकवल्यावर दिवसातून तीन वेळा एकेक तासाची अधिष्ठान बैठक असते: डोळे, हात, पाय उघडायचे नाहीत. पण तिथे त्याआधी तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाचं निरीक्षण, झालेलं असतं, दिवसाला दहा तास बसून शरीराला सवय लागलेली असते आणि भोवती मौन असतं. म्हापशाच्या घरात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, ऑफिसला जाण्याआधी तोच तास पहिल्या आठवड्यात मागणं हा हिशेब चुकलेला आहे. अधिट्ठान, म्हणजे हेच अधिष्ठान, ही दहा पारमितांतली (पूर्णत्वाला नेणाऱ्या दहा गुणांतली) आठवी पारमिता. तिच्याआधी खन्ति (सहनशीलता) आणि सच्च (सत्य) येतात हे लक्षात असू द्या. जेवढं खात्रीने पाळता येईल तेवढंच बोलायचं, हे सच्च.

म्हणून सुरुवात बारा मिनिटांनी करा. पंचेचाळीस मिनिटांतली शेवटची बारा मिनिटं न हलण्याची, त्याआधी सावकाश हललात तरी चालेल. सलग सात दिवस पाळलं गेलं की तीन मिनिटं वाढवा. एखाद्या दिवशी मोडलं तर वाढवू नका, कमीही करू नका. या हिशेबाने अकरा आठवड्यांत पूर्ण पंचेचाळीस मिनिटं होतात, आणि पुढे बैठकही तेवढीच वाढवत नेली तर चार महिन्यांत तास येतो. शेवटची मिनिटं घ्यायची कारण ती संपली की बैठक संपते, त्यामुळे पाळल्याची खूण ताजी राहते.

दुखण्याचे प्रकार ओळखा. पाऊल बधिर होणं, मुंग्या येणं हे दाबामुळे होतं. पाय मोकळा केल्यावर एक-दोन मिनिटांत ओसरत असेल तर त्याकडे पाहत बसता येतं. मांडीत किंवा पाठीत पसरणारा, हलत राहणारा ठणकाही पाहता येतो. पण गुडघ्याच्या सांध्यात एकाच जागी सुरीसारखी कळ येत असेल, किंवा उठल्यावर तासाभरानंतरही जिना उतरताना जाणवत असेल, तर ते सहन करण्यात कोणतीही पारमिता नाही. बहुतेक वेळा कमरेचा सांधा उघडत नाही म्हणून पीळ गुडघ्यावर येतो. बैठकीखाली चार-पाच इंच उंच, घट्ट उशी घ्या, दोन्ही गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. तरीही कळ राहिली तर खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकवून. अधिट्ठान मांडीचं नसतं. ठरवलेलं न मोडण्याचं असतं.

मोडलं तर काय, यावरही दोन शब्द, कारण तुमचं खरं दुखणं तेच दिसतं. मोडल्यावर दिवसभर खट्टू राहणं ही पश्चात्तापाच्या वेषातली तहान आहे. मिळायचं होतं ते मिळालं नाही एवढंच ती सांगते. बैठक संपल्यावर एका वाक्यात नोंद करा: ‘नवव्या मिनिटाला मोडलं, डास चावला.’ कारण लिहा, शेरा लिहू नका. आठवड्याने नोंदी एकत्र वाचल्या की कारणं दोन-तीनच निघतात, आणि ती दुरुस्त करता येतात. चौथा इद्धिपाद वीमंसा म्हणजे हीच तपासणी. सोण कोळिविस नावाच्या भिक्खूने चंक्रमण (चालत केलेली साधना) करून पाय रक्तबंबाळ केले तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली: फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. संकल्पाची लांबी हीच तुमच्या हातातली खुंटी.

पूजेच्या फुलांबद्दल कोणी विचारलेलं नाही, पण भक्ती आणि संकल्प जिथे एकत्र येतात ती जागा हीच. पुष्पपूजेच्या गाथेत दोन गोष्टी आहेत. ‘पुञ्ञेन मेतेन लभामि मोक्खं’, या पुण्याने मोक्ष मिळो. आणि त्याला लागून ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’, हे फूल कोमेजतं तसं शरीरही नाशाकडे जातं. आकांक्षा आणि अनित्यता एका दमात. म्हणून फूल निवडताना माझा सल्ला जाईचा. अबोली रंगाने देखणी, पण तिला वास नाही आणि ती पुष्कळ काळ ताजी दिसत राहते. गाथा मात्र ‘वण्णगन्धगुणोपेतं’, रंग-गंधाच्या गुणांनी युक्त, म्हणते. संध्याकाळी जायांच्या पाच-सात कळ्या ओल्या फडक्यावर ठेवा, रात्री उमलतात, पहाटे त्याच वाहा. दुपारी पाकळ्यांच्या कडा तांबूस होऊन आत वळू लागतात. तेव्हा जाता-येता एकदा थांबून पाहायचं आणि गाथेचा दुसरा अर्धा भाग म्हणायचा. संध्याकाळी फुलं काढून झाडाच्या मुळाशी टाकायची. शिळी फुलं तीन-तीन दिवस मूर्तीपुढे सुकत पडली की गाथा नुसती तोंडात राहते.

लांब मुदतीचा संकल्प हवा असेल तर वर्षावास सोयीचा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो आणि सकाळी लवकर बाहेर पडावं लागत नाही अशांना वेळही सापडतो. तीन महिन्यांसाठी एकच गोष्ट घ्या: रोजची बैठक चुकवायची नाही, किंवा पौर्णिमा, अमावस्या आणि दोन अष्टमींना अष्टशील, म्हणजे त्या दिवसापुरती आठ शीलं. दोन्ही एकदम नको. ज्यांच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण आहे त्यांच्यापाशी आधीपासूनच मोठा संकल्प आहे: नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा. त्यांतली दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा घ्या आणि प्रत्येक पंधरवड्याला एका पारमितेवर काम करा. पाच महिन्यांत फेरा पुरा होतो. प्रतिज्ञा वर्षातून एकदा सामूहिक म्हणण्यापेक्षा तिचा उपयोग असा जास्त होतो.

दिशा धरायची आणि वाट मात्र सोडायची तयारी ठेवायची, याचं उदाहरण गोव्याच्याच मातीतलं आहे. साखवाळला १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून घर सोडून निघाले. पुण्याला आणि काशीला संस्कृतासाठी थांबले, नेपाळला गेले, तिथे हवं ते सापडलं नाही तेव्हा बोधगयेला आले, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, पोचून पाली शिकू लागले. नेपाळलाच जायचं हा त्यांचा संकल्प असता तर तो तिथे मोडला असता. संकल्प शिकण्याचा होता, म्हणून मुक्काम बदलले तरी तो टिकला. स्वतःचं वाक्य लिहिताना हे पाहा: यात मुक्काम लिहिलाय की काम?

प्रगती दिसत नाही ही तक्रार पुढेमागे येणारच. भावनेवरच्या, म्हणजे साधनेच्या अभ्यासावरच्या, सुत्तात त्यासाठी तीन दृष्टान्त आहेत. कोंबडीने आठ, दहा किंवा बारा अंडी नीट उबवली, तर ‘पिल्लं सुखरूप बाहेर येवोत’ असं तिच्या मनात आलं नाही तरी ती येतात. आणि उबवलीच नाहीत तर कितीही मनात आणून येत नाहीत. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांच्या खुणा दिसतात, पण आज किती झिजला, काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. झिजल्यावर झिजला एवढं कळतं. तिसरा गलबताचा: वेताच्या बंधनांनी बांधलेलं गलबत सहा महिने पाण्यात राहून किनाऱ्यावर ओढलं, उन्हावाऱ्याने बंधनं जीर्ण झाली, वर पाऊस पडला की ती आपोआप कुजून सुटतात. पावसाळ्यात झावळ्यांखाली रेतीवर ओढून ठेवलेली जुनी होडी पाहिली असेल तर तिच्या दोऱ्यांकडे बघा. चिमटीत धरली की भुगा होतो. कोणत्या दिवशी असं झालं ते होडीवाल्यालाही ठाऊक नसतं. म्हणून रोजची नोंद पाळण्या-मोडण्याची ठेवा, प्रगतीची ठेवू नका.

आता वडिलांविषयी. मैत्री भावना आणि पुण्यानुमोदन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. विशुद्धिमार्ग या साधनेवरच्या जुन्या ग्रंथात मैत्रीचा क्रम दिला आहे: आधी स्वतः, मग आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, मग मित्र, मग उदासीन माणूस, शेवटी वैरी. मृत व्यक्ती आलंबन, म्हणजे ध्यानाचा विषय, म्हणून घेऊ नये असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. एक तरुण भिक्खू आपल्या आचार्यांवर मैत्री करत होता आणि काही केल्या त्याची समाधी लागेना. ज्येष्ठ स्थविरांनी आलंबन तपासायला सांगितलं, तेव्हा आचार्य वारल्याचं कळलं. त्याने दुसरी जिवंत व्यक्ती घेतली आणि समाधी लागली. कारण उघड आहे. गेलेल्या माणसाची आठवण मैत्रीला शोकाकडे ओढते, आणि मैत्रीच्या वेषात ओढ शिरते. तेव्हा मैत्रीत आईला घ्या, भावाला घ्या, वडिलांच्या जिवंत मित्राला घ्या.

वडिलांसाठी पुण्यानुमोदन करा. त्याची गाथा छोटी: ‘इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो’, हे माझ्या आप्तांना पोचो, आप्त सुखी होवोत. पण ‘इदं’ म्हणजे ‘हे’, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. तिरोकुड्ड सुत्तात आधी दान आहे आणि मग हे शब्द. म्हणून त्या दिवशी सकाळी कोणाला तरी प्रत्यक्ष काही द्या: विहारात भोजनदान, गावच्या वाचनालयाला वडील वाचत त्या विषयाची दोन पुस्तकं, किंवा त्यांची छत्री, त्यांचे चांगले शर्ट गरजूला. परलोकाची कल्पना ज्यांना पटत नाही त्यांनाही एवढं निर्वेधपणे करता येतं. घरी आल्यावर एका वाडग्यात छोटी वाटी ठेवा, आणि गाथा म्हणत तांब्यातलं पाणी वाटीत ओता, ती भरून वाडग्यात सांडेपर्यंत: ‘यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं’, भरलेल्या नद्या सागर भरतात तसं. धार बारीक आणि अखंड ठेवा, गाथा संपेपर्यंत तुटू देऊ नका. तांब्या दोन्ही हातांनी धरला तर सोपं जातं. वाडग्यातलं पाणी अंगणातल्या माडाच्या किंवा तुम्ही जाया खुडता त्या वेलीच्या मुळाशी घाला.